कोड फुटलेली वेल

मॉन्स्टेराची कुंडी घरी आणली त्या दिवशी सासूबाईंनी चष्मा पुसून तिच्याकडे नीट पाहिलं. प्रत्येक पान अर्धं हिरवं, अर्धं दुधासारखं पांढरं. "अगं, हिला कोड फुटलंय," त्या म्हणाल्या. "नर्सरीवाल्याने फसवलं तुला. परत देऊन ये."

मी हसणार होते, पण हसले नाही. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर ऐन तिशीपासून कोड आहे. मुलुंडच्या उकाड्यातही त्या मनगटापर्यंतच्या बाह्यांचे ब्लाउज घालतात आणि कुणी आलं की चहाचा ट्रे मलाच बाहेर न्यायला लावतात. वीस वर्षांत या विषयावर आम्ही अवाक्षर बोललो नव्हतो.

वेल राहिली. काथ्या गुंडाळलेल्या काठीला बांधून मी ती पूर्वेच्या खिडकीत ठेवली. मी ऑफिसला गेले की सासूबाई तिची पानं ओल्या फडक्याने पुसायच्या. मला वाटलं, लळा लागला. कसला लळा, त्या औषधपाणी करत होत्या! कधी तांदूळ धुतलेलं पाणी, एकदा तर मातीत चिमूटभर हळद.

पावसाळा सरता सरता शेंड्याला लागोपाठ तीन पानं हिरवीगार आली. सासूबाई मला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेल्या. "बघ, बरी झाली." त्यांचा इतका खुललेला चेहरा मी क्वचितच पाहिला असेल. आणि माझ्या तोंडाला कुठे दम असतो! मी सांगून टाकलं की हा हिरवा शेंडा छाटायला हवा, नाहीतर तोच जोर धरतो आणि पांढरं कायमचं जातं.

"बरं झालेलं कापायचं?"

दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मीही कात्रीला हात लावला नाही, माझी मलाच लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी मेथी निवडताना, मान वर न करता त्यांनी विचारलं, "पांढरं गेलं तर तुला नाही आवडणार?"

"नाही आवडणार, आई. ते पांढरंच आवडलं म्हणून तर आणली मी."

त्यांनी जुडी निवडून संपवली. मग उठल्या, कात्री घेऊन आल्या. मी पेर दाखवलं, त्यांनी छाटलं. हिरवा तुकडा मात्र टाकू दिला नाही. ओट्याजवळच्या बरणीत तो पाण्यात मुळं सोडून मजेत आहे.

महिन्याभरात खालच्या पेरातून नवा फुटवा आला. त्याचं पहिलंच पान निम्मं पांढरं. समोरची शेजारीण हौसेने फोटो काढायला आली. पान खिडकीकडे वळलेलं, कुणीतरी धरायला हवं होतं. मी पुढे होणार तोच सासूबाईंनी बाही कोपरापर्यंत सारली आणि पान धरलं.

"काकू, तुमचा हात येतोय फोटोत."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "पांढरं नीट दिसतंय ना?"