चामटोलीच्या खाचरात एक मिडफिल्डर

बाळाराम सरांनी मला पहिल्या भेटीत नावसुद्धा विचारलं नाही. बदलापूरच्या शाळेच्या मैदानावर मी नवखी उभी होते. ते समोर येऊन म्हणाले, "तुझ्या मागे कोण उभं आहे?" मी वळायला लागले, तर म्हणाले, "आता काय उपयोग? बॉल यायच्या आधी बघायचं."

सर मूळचे मोरिवलीचे. कारखान्याच्या संघातून ते मुंबईच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबात गेले आणि गुडघ्यांनी हात टेकेपर्यंत मधल्या फळीत खेळले. मिडफिल्डरचं नाव पेपरात क्वचितच येतं. समोरच्याकडून बॉल काढायचा, आपल्या मोकळ्या माणसाला द्यायचा आणि तो गोल करून नाचू लागला की आपण परत जागेवर पळायचं. उल्हासनगरला आमच्या जर्सी शिवायला टाकताना दुकानदाराने त्यांना विचारलं होतं, "दादा, कितने गोल मारे आपने?" सर हसून म्हणाले, "मारते दूसरे थे सेठ, बॉल मेरा होता था." त्यांच्या सगळ्या कारकिर्दीबद्दल मी त्यांच्या तोंडून एवढंच ऐकलं आहे.

मी अकरावीत असताना राज्य संघाची निवड चाचणी नेमकी भाताच्या लावणीत आली. वयाच्या अटीमुळे माझी ती शेवटची संधी होती. आमच्या चामटोलीत लावणी सावडीने होते. आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या. घरचा एक हात कमी पडला तर वाडीत तोंड दाखवायची पंचाईत. बाबांनी सरांना साफ सांगितलं, "पोरगी गेली त तिच्या वाटनीची लावनी कोन करल?"

"मी करतो. बदली खेळाडू समजा," सर म्हणाले.

चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी ते पँट दुमडून बांधावर हजर. "आज माझं काम बघा, पटलं तर उद्या तिला सोडा." मला धास्तीच वाटली, कारण मोरिवलीच्या त्यांच्या घरची जमीन त्यांच्या लहानपणीच कारखान्यांत गेली होती. लावणी करणारा माणूस मागे मागे सरकतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते जोमाने पुढे निघाले आणि स्वतःच लावलेली रोपं स्वतःच तुडवत गेले. सगळं खाचर हसलं. आई म्हणाली, "सर, पोरींना मागं बघाया शिकवता, आन् सोताला मागं चालता येत नाय?"

बाबा मात्र हसले नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं. ते चिखलात उतरले, सरांच्या हातात रोपांची नवी मूठ दिली आणि त्यांच्या शेजारी वाकून दाखवू लागले. क्लबातल्या मोठ्या खेळाडूने शिकाऊ गड्यासारखं मुकाट शिकून घेतलं. दुपारपर्यंत त्यांचं अर्धं खाचर झालं होतं, कंबर पार कामातून गेली होती, तरी ते थांबले नाहीत. 

संध्याकाळी हातपाय धुताना बाबांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "सकाली किती वाजता निंगायचा हाय?"

आज मी व्यावसायिक क्लबात सरांच्याच जागेवर खेळते. सर दरसाल आमच्या लावणीला येतात, आणि त्यांची ओळ अजून वाकडीच जाते असं बाबा सगळ्यांना सांगतात. सर, आज तुमची साठी झाली म्हणून सुटका नाही. बाबांनी तुम्हाला सावडीत कायमचं धरलं आहे. तब्येत ठणठणीत राखा. आमच्या खाचरात तुमच्या अजून चाळीस लावण्या तरी व्हायच्या आहेत.