जरा पडून बघा

कापडाच्या दुकानात माणूस उभ्याउभ्या बोलतो, सोनाराकडं बसून बोलतो. आमच्याकडं तो आडवा होऊन बोलतो. आणि आडवा झालेल्या माणसाला फार वेळ खोटं बोलता येत नाही! सेलूत आमचं गाद्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर हे, गिऱ्हाइकाला गादी दाखवायला मी. "जरा पडून बघा," एवढंच म्हणायचं. दोन मिनिटांत लोक छताकडं बघत घरातलं सांगायला लागतात. गाद्या विकल्या गेल्या, पण ऐकलेलं सगळं माझ्याकडंच पडून राहिलंय.

*

ह्यांचं भाषण ठरलेलं. "गादीत तीन गोष्टी बघायच्या. आराम, आधार आणि टिकाऊपणा!" एकदा एक म्हातारे काका आपल्या चाळिशीतल्या मुलाबरोबर आले. ह्यांनी अख्खं भाषण ऐकवलं आणि शेवटी ऐटीत म्हणाले, "काका, दहा वर्षांची वॉरंटी!"

काका गादीवरून उठले, टोपी नीट केली. "तिची झाली. माझी कोण देतंय?"

आम्ही हसलो. मुलगा हसला नाही. त्याच्या काखेत दवाखान्याचं ते एक्स-रेचं मोठं पाकीट होतं, ते मला तेव्हा दिसलं.

वॉरंटी कार्डावर नाव लिहायची वेळ आली, तेव्हा काकांनी ह्यांचा हात धरला. "माझं नगं. ह्याचं लिवा. गादी खराब झाली तर भांडायला कुणीतरी पाहिजे!"

*

एक हसण्यासारखा किस्साही सांगते. हल्ली गाद्या हवा काढून, गुंडाळून येतात. प्लास्टिक कापलं की फुगतात. येलदरीच्या एका सरांनी अशी गादी घेतली आणि जीपमध्ये टाकली. मी तीनतीनदा बजावलं, "घरी गेल्यावरच कापा हं!"

तासाभरानं जिंतूरच्या रस्त्यावरून फोन. खरंच फुगते का, हे बघायचा मोह सरांना आवरला नव्हता.

मी विचारलं, "जीपमध्ये बसली का गादी?"

सर म्हणाले, "गादी बसलीय ताई. आमी खाली उतरलोय!"

*

बोरीचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. लग्न पंधरा दिवसांवर होतं, पलंग झाला होता, गादी राहिली होती. त्यांनी दुकानातली एकेक गादी मुठीनं दाबून पाहिली. "लय मऊ नगं. पोरीची पाठ दुखायची. तिथं कुणाला सांगणार ती?"

शेवटी एक पसंत पडली. "पड गं. लाजू नगं," ते मुलीला म्हणाले.

मुलगी पडली, डोळे मिटले. बराच वेळ हललीच नाही. आम्हाला वाटलं, झोपली की काय!

"कशी हाय?" वडिलांनी हळूच विचारलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. "लय चांगली हाय बाबा. ही आपल्या घरीच ठेवा. मी आले की झोपत जाईन."

वडील वळले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. पाठमोरेच होते. तसंच त्यांनी मला हात वर करून दाखवला.

दोन बोटं!

*

पूर्वी आमच्या मागच्या खोलीत रहीमचाचा कापसाच्या गाद्या भरायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या गाद्या भरल्या आणि स्वतः चटईवर झोपले. कापसाच्या धुळीनं त्यांची छाती गेली. दोन पावलं टाकली की धाप लागायची. डॉक्टरांनी काम बंद करायला लावलं. तेव्हा हे दुकानातली सगळ्यात चांगली गादी त्यांच्या घरी पोचवून आले.

चार दिवसांनी मी भेटायला गेले. चाचा जमिनीवर, चटईवर. गादी भिंतीला उभी, प्लास्टिकसकट.

"चाचा, आवडली नाही का?"

"लय नरम हाय भाभी. अव्वल माल हाय." ते थोडं थांबले, श्वास घेतला. "पण तिच्यावर पडलो की काम खतम झाल्यावानी वाटतंय."

चाचा गेले, तेव्हाही ती तशीच भिंतीला उभी होती. आता कुणी कापसाची गादी मागितली, की आम्ही त्याला परभणीला पाठवतो.

*

आणि ही गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. साठीच्या एक बाई दुकानात आल्या. चार वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे मिस्टर, शाळेतून रिटायर झालेले सर, आमच्याकडून डबलबेडची गादी घेऊन गेले होते. बाईंच्या हातात वॉरंटी कार्ड होतं.

"गादीत खड्डा पडलाय. त्याचं विचारायचं होतं."

तक्रार म्हटल्यावर घरी जाऊन बघावं लागतं. हे टेप घेऊन निघाले, मीही सोबत गेले. बेडरूममध्ये सरांच्या फोटोला हार होता. आम्हाला काही माहीतच नव्हतं! हे दारातच अवघडून उभे राहिले.

"चार महिने झाले," बाई म्हणाल्या. "तुमी बघा."

गादीची भिंतीकडची बाजू सपाट होती. दाराकडच्या बाजूला खांद्यापासून कमरेपर्यंत खोलगट झाली होती. ह्यांनी आडवी पट्टी ठेवून टेप लावली आणि काहीतरी चांगलं सांगायला मिळालं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले, "बसतंय वॉरंटीत! कंपनी बदलून देईल. ही गादी आम्ही उद्याच घेऊन जातो."

बाई झटकन पुढं आल्या आणि गादीच्या त्या बाजूला हात टेकवून उभ्या राहिल्या.

"नेऊ नका हो!"

ह्यांना कळेना. "मग बाई, तुमची तक्रार काय?"

"तक्रार न्हाई," बाई म्हणाल्या. "खड्डा रोज थोडा थोडा भरून यायलाय. तो हाय तसाच राहावा, तर काय करावं लागतं?"