एका थेंबातली जनावरं

त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात सुप्याजवळच्या छावणीत तो जनावरांचा डॉक्टर म्हणून आला होता. माझ्या बैलानं दोन दिवस चारा अन् रवंथ दोन्ही सोडलं होतं. म्हणून आमच्या जुन्या रीतीनं मी शेजारच्या धडधाकट बैलाच्या तोंडातला रवंथाचा घास काढून माझ्या बैलाला भरवत होतो. तेवढ्यात हा मागं येऊन उभा राहिला.

मी आधीच बजावलं, "डॉक्टर, सुई टोचू देनार न्हाई. अन् हसायचं बी न्हाई."

तो हसला नाही. त्याच घासाचा रस त्यानं काचेवर घेतला आणि पितळी नळीचं यंत्र माझ्यापुढं सरकवलं. मी एक डोळा मिटून पाहिलं. आई गं! त्या थेंबात केसाळ जनावरं नुसती धावत होती!

"यांचं अख्खं अंग म्हणजे एकच पेशी, बाबा. त्यातच तोंड, त्यातच पोट!" तो दोन्ही हात नाचवत सांगू लागला. "बैल एवढा मोठा, पण चारा पचवायला त्याला हीच लागतात. आधी ही जेवतात, मग बैल जेवतो. तुमच्या बैलातली उपाशी मेलीत, अन् तुम्ही नवी घालताय. घाला, अजून घाला!"

शाळा मी दुसरीत सोडली, पण माझी रीत खरी निघाली! छावणीभर सांगत सुटलो.

तिसऱ्या सकाळी बैलाचा जबडा हलू लागला. डॉक्टर तोवर पुढच्या छावणीला गेला होता. मग मी बैलाच्या कुशीला तोंड लावून आतल्या सगळ्यांना मोठ्यानं रामराम घातला.