गुडघ्याचं गाणं

जिच्यासाठी तुम्ही ओरडता, तिलाच तुमचा एक शब्द कळत नसेल, तर तुम्ही ओरडता कुणासाठी?

आमच्या ड्रमरनं हे विचारलं आणि मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आमचा बँड डेथ मेटल वाजवतो. मी गाते, म्हणजे घशाच्या तळातून गुरगुरते. हिंदी शब्द माझेच. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी बाबांच्या कर्मचारी संघटनेच्या पत्रकांवर वाढले. शाळेतून आलं की घड्या घालायच्या, ठळक मागणी बाहेर दिसेल अशा. म्हणून आमच्या कार्यक्रमांतही मी दाराशी उभी राहून गाण्याच्या शब्दांची पत्रकं वाटायचे. गुरगुर कळली नाही तर वाचा! मला त्याचा फार अभिमान होता.

ड्रमर पानिपतचा. त्याची आई हातमागावर विणते. तिच्यावर आमचं एक गाणं होतं, साडेतीन मिनिटांचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आग. आणि तिला वाचता येत नाही.

त्याला ते गाणं अकरा मिनिटांचं करायचं होतं. ताल बदलत जाणारा, मध्ये बराच वेळ संथ, आवाज स्वच्छ आणि गुरगुर फक्त शेवटी. याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. मी तडजोड म्हणाले.

बाबांकडे तक्रार केली. ते चहा गाळत होते. "अगं, पत्रकात वर मागणी असते, खाली कारणं असतात. तू नुसती मागणीच ओरडतेस."

चिडून का होईना, मी ते लांब गाणं स्वच्छ आवाजात गायला शिकले. मग एका रविवारी दुपारी आम्ही पानिपतला गेलो आणि नवं गाणं त्याच्या आईला तिच्या मागाशेजारी बसून ऐकवलं. ड्रम नव्हते, तो लाकडी पेटीवर हातानं ठेका धरत होता. दर सात ठोक्यांनंतर तो थोडा थांबायचा. त्या जागेचा मला कायम राग यायचा.

मी गायले, "तेरे हाथ टूट गए..."

तिनं मला तिथंच थांबवलं. "हाथ? हाथ को क्या हुआ है? घुटने जाते हैं, बेटी. पैडल तेरा बाप मारेगा?"

ड्रमर पेटीवर डोकं टेकून हसला. मलाही हसू आलं. हे "हाथ" मी किती पत्रकांवर छापले होते, आणि एकानंही चूक काढली नव्हती. आमच्या पत्रकांत कामगाराला नेहमी हातच असतात. गुडघे मी कधी पाहिलेच नव्हते.

मग ती मागावर बसली. सात वेळा पाय मारले आणि क्षणभर गुडघा सैल सोडला. ती जागा तिथून आली होती.

गुरुग्रामच्या कार्यक्रमात मी "घुटने" गायले. संथ भागात मागून कुणीतरी ओरडलं, "दीदी, लोरी सुना रही हो क्या?" सगळे हसले. पण कुणी उठून गेलं नाही, आणि शेवटी मी गुरगुरले तेव्हा ती गुरगुर कशासाठी आहे हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी मी घरी अगदी खुशीत परतले.

तेव्हा आमच्या कार्यक्रमाला आलात तर दाराशी पत्रक मागू नका. अकराही मिनिटं ऐका. आणि एखादा शब्द खोटा वाटला, तर तो मला तोंडावर सांगा.