हातात धरता येणारा ट्रान्झिस्टर

अमीन शिकलगारांनी शुक्रवार पेठेत पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्त केले. मग सगळं काम नखाएवढ्या चिपमध्ये गेलं आणि दुकानात गिऱ्हाईक फिरकेना.

एके दिवशी संयोगिता नावाची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आली. "चाचा, आम्ही चिपचे आराखडे काढतो, पण सुटा ट्रान्झिस्टर कुणी हातात धरलेला न्हाय. सरांनी विचारलंय, वर्गात दाखवायला येता का?"

सातवी शिकलेले अमीन बिचकतच गेले. बंद पडलेल्या रेडिओत त्यांनी वाटाण्याएवढा, तीन पायांचा ट्रान्झिस्टर बसवला. गाणं सुरू झालं तशी पोरं बाकं सोडून भोवती जमली.

संयोगितानं त्यांच्या तळहातावर एक चिप ठेवली. "ह्यात असे अब्जावधी हायत."

"आनि अजून किती बारीक करणार गं पोरी?"

"आता बारीक करणं लई अवघड झालंय, चाचा. म्हणून चिपमध्येच ट्रान्झिस्टरचे एकावर एक मजले चढवायला लागलेत."

"म्हंजे काम संपलेलं न्हाय की!" अमीन खुशीत म्हणाले.

आता दर शनिवारी ते त्या वर्गाला सोल्डरिंग शिकवतात. आपला तास संपला, की मागच्या बाकावर बसून चिपचा तास ऐकतात.