मानपाडा रोडवरच्या घराचं पाणी

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा आम्ही ठाण्याच्या चाळीतली खोली सोडून डोंबिवलीला, मानपाडा रोडवर, स्वतःच्या घरात राहायला गेलो. घर घेण्याआधी दोन-तीनदा बघून आलो होतो. मी ओट्याची उंची बघितली, खिडक्यांच्या कड्या लावून बघितल्या. माळा किती खोल आहे ते ह्यांनी हात घालून बघितलं. नळ सोडला, पाणी आलं, नळ बंद केला. पाण्याची चौकशी एवढीच. ते पाणी टँकरचं होतं आणि घर बघायला कोणी येणार असेल त्या दिवशी बिल्डर गच्चीवरची टाकी भरून ठेवायचा, हे राहायला गेल्यावर कळलं.

चाळीत नळ सगळ्यांचा मिळून एक होता, पण तो आम्हाला पाठ होता. पाणी कधी येतं, कधी जातं, कोणाच्या बादलीनंतर आपली बादली. नव्या घरात तीन नळ होते आणि एकाचंही काही माहीत नव्हतं. हळूहळू समजलं, की जमिनीखाली एक टाकी आहे, गच्चीवर एक आहे, मध्ये पंप आहे आणि पंपाची चावी वॉचमनकडे आहे. पाणी बोअरिंगचं. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, स्टीलच्या पातेल्यांवर पांढरे डाग धरायचे. मेन लाइनचं कनेक्शन येतंच आहे, असं बिल्डर जाता-येता सांगायचा. तोवर पिण्याचं पाणी आम्ही रस्त्यापलीकडच्या बैठ्या घरांतून आणायचो. तिथली माणसं भली होती. स्वतःचं भरून झालं की आम्हाला हाक मारायची.

त्या नळावर माझी तिच्याशी ओळख झाली. ती आमच्या समोरच्या दारात राहायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली लेक. नवरा एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर जायचा. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती आमचे तीन जिने न थांबता चढायची आणि वर पोचल्यावर खाली येऊन माझ्या हातातली बादली घ्यायची. मी दुपारच्या शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा माझी तीन वर्षांची मुलगी तिच्याकडेच असायची. माझ्याशी ती जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. माहेरचं कोणी आलं की तिची बोली मोकळी व्हायची. मला ती ऐकायला फार आवडायची.

एकदाचं कनेक्शन आलं. ज्या दिवशी स्वयंपाकघराच्या नळाला गोडं पाणी आलं, त्या दिवशी तिनं नळाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि मला बोलावून माझ्या नळालाही लावायला सांगितलं. मी हसले, पण लावलं. त्या संध्याकाळी पुरणासाठी शिजवलेली डाळ बोटानं दाबली तर मऊ झालेली. आम्हाला वाटलं, सुटलो.

पाण्याचं बिल बिल्डरच्या नावानं यायचं. आमची सोसायटी अजून झालेली नव्हती. तो बिल आपल्याकडे ठेवायचा आणि प्रत्येक घराचा हिस्सा जिन्याखालच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. हे हिशेबाच्या कामात मुरलेले. त्यांनी मीटर बघायचं ठरवलं. मीटरच्या काचेत आतून चिखल गेला होता, आकडा दिसत नव्हता. बिल दाखवा म्हटलं तर बिल्डर म्हणाला, दाखवतो की. पुढच्या वेळीही तेच म्हणाला. शेवटी भिंतीवरचा आकडा आम्ही मुकाट्यानं द्यायला लागलो. एवढ्यासाठी भांडायचं कुठे, असं तेव्हा वाटलं.

त्या वर्षी तिला दिवस गेले. गणपती झाल्यावर, सातवा लागायच्या सुमारास, ती एका सकाळी तांब्यात पाणी घेऊन माझ्या दारात आली.

"ताई, पान्याला वास येतंय गो. बघ ना."

ती माझ्याशी पहिल्यांदाच त्या बोलीत बोलत होती. मी वास घेतला. येत होता. फार नाही, ओल्या फडक्याला येतो तसा, आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी. ह्यांना दाखवलं, त्यांनाही आला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. असंच चालू राहिलं. कोणाला बोलावून दाखवावं तर नेमकं त्या वेळी पाणी नितळ. आम्ही दोघींनी पाणी उकळायला सुरुवात केली. गॅसचा सिलिंडर लवकर संपेल म्हणून मी माळ्यावरचा स्टोव्ह काढला. तिच्याकडे सकाळी एक मोठं पातेलं चढायचं आणि गार झालं की ती ते दुहेरी फडक्यातून गाळून माठात भरायची. पातेल्यात तुरटी फिरवली की तळाशी गाळ धरायचा. तो गाळ बघून ती पातेलं हातातच धरून उभी राहायची.

मग तळमजल्यावरचे एक आजोबा काविळीनं आजारी पडले. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी. हे आणि तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेले. मला शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. टेबलामागच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि विचारलं, कनेक्शन कोणाच्या नावावर आहे. आम्ही बिल्डरचं नाव सांगितलं.

"मग तक्रार त्यांनी करायची," तो म्हणाला. "तुम्ही आमचे ग्राहक नाही."

आम्ही त्याला पुनःपुन्हा तेच सांगत राहिलो, इमारतीत माणसं आजारी आहेत, घरात एक गरोदर बाई आहे. त्याला आमची दया आली असावी. त्यानं पाण्याचा नमुना घ्यायला माणूस पाठवायचं कबूल केलं आणि खरोखरच पाठवला. त्या माणसानं रस्त्यावरच्या पाइपाला जिथे आमची जोडणी होती तिथून बाटली भरली. मी म्हटलं, अहो, आमच्या टाकीतलं घ्या, आम्ही ते पितो. तो म्हणाला, टाकी तुमच्या हद्दीत, आमचं काम पाइपापर्यंत. काही दिवसांनी निकाल आला. पाणी पिण्यास योग्य.

बिल्डरचं ऑफिस स्टेशनजवळ होतं. तो आम्हाला पाहून उठला, चहा मागवला. जमिनीखालची टाकी उघडून बघू या म्हटल्यावर म्हणाला, उघडायची म्हणजे रिकामी करावी लागेल, दोन दिवस कोणाला पाणी मिळणार नाही, दिवाळी होऊ द्या. निकालाचं त्याला आमच्याआधीच कळलं होतं. "ऑफिसनं योग्य म्हटलंय ना, वहिनी? मग मी काय करू?" त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. खाली येऊन आम्ही तिघं रस्त्यावर उभे राहिलो. पुढे कुठे जायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं. ते तोडावं असं तिचा नवरा म्हणाला. हे म्हणाले, थांब, सगळ्यांना विचारू. सगळ्यांना विचारलं तर निम्म्या घरांना दोन दिवस पाण्याशिवाय राहायचं नव्हतं. त्यांच्या घरात अजून कोणी आजारी नव्हतं.

त्याच आठवड्यात तिला अन्नाचा वास नकोसा झाला. आम्हाला वाटलं, पोटुशी आहे, चालायचंच. मग सुट्टीच्या एका दुपारी माझ्या मुलीला जेवू घालताना ती खिडकीच्या उजेडात वळली आणि मला तिचे डोळे दिसले. पिवळे झाले होते. मी लगेच उठले. तिची साडी नीट केली, पायात चपला घातल्या आणि रिक्षानं डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर वयस्कर होते, सगळ्या रोडला ओळखीचे. त्यांनी तिला तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, एरवीची कावीळ वेगळी, या दिवसांतली वेगळी, आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात न्या. मी म्हटलं, डॉक्टर, ती पाणी उकळून पिते, मी रोज बघते. त्यांनी विचारलं, चूळ कुठल्या पाण्यानं भरते? भांडी कशानं विसळते? काकडी, टोमॅटो कशानं धुते? माझ्याही घरात ते सगळं त्याच नळाखाली होत होतं.

तिला ठाण्याला नेलं. माहेर जवळ, आई येऊन बसेल, म्हणून तिथलं हॉस्पिटल. तिची आई कोळीवाड्यातून आली ती कोणीतरी दिलेला झाडपाल्याचा रस घेऊन. नर्सनं तो घेऊ दिला नाही. म्हातारी बाई ती बाटली पदराखाली धरून व्हरांड्यात बसून राहिली. मी शाळा सुटल्यावर जायचे. करण्यासारखं काही नसायचं. तिची वेणी घालायची, पायांवरून हात फिरवायचा, डबा परत आणायचा. ती बराच वेळ झोपेत असायची, आणि जागी झाली तरी आपण कुठे आहोत हे तिला लगेच उमजायचं नाही.

बाळ वाचलं नाही. मुलगा होता. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, ही वाचली हेच मोठं. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. मला बघून रडली नाही. माझा हात धरून म्हणाली,

"ताई, मी उकळूनच पीत होते."

मी म्हटलं, हो गं, मला माहीत आहे. तिनं ते आणखी एकदा सांगितलं, आणि जरा वेळानं आणखी एकदा. कोणीतरी तिला बेफिकीर म्हटलं होतं की ती आपणच स्वतःला म्हणत होती, मला कळलं नाही. दर वेळी मी तेच उत्तर देत राहिले.

इमारतीत बातमी कळली आणि दिवाळीची वाट न बघता कोणीतरी कुलूप तोडलं. कोणी तोडलं ते विचारायला कोणी गेलं नाही. पंप लावून टाकी उपसली. तळ दिसला तेव्हा आम्ही सगळे काठाशी उभे होतो. एका बाजूच्या भिंतीला खालून वरपर्यंत भेग होती आणि तिच्यातून काळं पाणी पाझरत होतं. त्या भिंतीच्या पलीकडे सांडपाण्याचं चेंबर. दोन्हींत हातभर अंतरसुद्धा ठेवलेलं नव्हतं. पावसात जमीन भिजली की चेंबर भरायचं आणि टाकी अर्धी असली की पाणी आत यायचं. टाकी भरलेली असली की यायचं नाही. म्हणून वास कधी यायचा, कधी नाही. एवढं साधं होतं.

बिल्डर आला, उकिडवा बसून वाकून बघितलं, मान हलवली. गवंडी पाठवून भेग बुजवून दिली, चेंबर दूर हलवून दिलं. त्याला पोलिसांत द्यायचं म्हणून काहीजण बोलले, एक वकीलही येऊन गेला. वकिलानं विचारलं, कावीळ याच पाण्यानं झाली, बाहेर कुठे काही खाल्लं नसेल, हे कोण सांगणार? तिचा नवरा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, राहू द्या.

ती परत त्या घरात आली नाही. नवरा एका रविवारी टेम्पो घेऊन आला आणि सामान भरून गेला. आंबिवलीकडे चुलतभावाच्या घराजवळ जागा बघितली आहे म्हणाला. माठ तेवढा त्यानं दारातच ठेवला होता. टेम्पोत जागा होती. मी आठवण केली तर म्हणाला, नको, ती बघून रडेल.

मी तिला भेटायला तिच्या माहेरी एकदा गेले. ती अंगणात बसून आईबरोबर सुकट निवडत होती. थोडी भरली होती, डोळे पांढरे झाले होते. माझ्या मुलीला आता शाळेत घातलं का, कोणाकडे ठेवतेस, दुपारी झोपते का, असं खूप विचारलं. इमारतीबद्दल काहीच विचारलं नाही. टाकीत काय सापडलं ते सांगावं असं मनात घेऊन मी गेले होते. तिचा काही दोष नव्हता, हे तिला पुराव्यानिशी सांगावं असं मला वाटत होतं. पण ती इतक्या मन लावून मुलीचं ऐकत होती, की मी ते बोलले नाही. निघताना ती गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. पुन्हा ये म्हणाली. मी येते म्हटलं, पण त्यानंतर आमची भेट झाली नाही.