विदूषकाचं मूळ

शब्दकोशाच्या कार्यालयात सगळे त्याला मागून ‘मूळव्याध’ म्हणत. नाव वाईट, पण चपखल. एखादा शब्द हाती आला की त्याचं मूळ खणून काढल्याशिवाय ह्या गृहस्थाला अन्न गोड लागत नसे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. ह्याला तर पगारच मुळं विचारण्याचा होता. फक्त स्वतःचं मूळ त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. वडील काय करायचे असं कुणी विचारलंच, तर ‘कापडाच्या धंद्यात होते’ म्हणून मोकळा व्हायचा. तंबूही कापडाचाच असतो म्हणा.

वडील सर्कशीत विदूषक होते.

कोशाचं काम सरकत सरकत ‘व’पर्यंत आलं आणि नेमकं विदूषकाचं कार्ड त्याच्याच टेबलावर पडलं. त्यानं लिहायला घेतलं. दूष् म्हणजे बिघडवणं, डाग लावणं. दूषण त्याचंच भावंड. मस्करा अरबीतून आलेला, मूळ अर्थ हसं झालेला माणूस. इंग्रजांचा क्लाऊन, जाणकार म्हणतात, बहुधा आधी मातीचं ढेकूळ होता, मग अडाणी गावंढळ झाला आणि शेवटी हसवणारा. एवढ्या भाषा, आणि ह्या माणसाला एकीनंही धड शब्द देऊ नये? त्याला संताप आला. मग स्वतः आपण काय दिलं होतं ते आठवलं, आणि लेखणी खाली ठेवावी लागली.

तो चौथीत होता. डबा घरी विसरला होता. दुपारच्या खेळासाठी तोंड रंगवून बसलेले वडील तसेच डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी आले. पोरं गोळा झाली.

“कोण रे हा?” एकानं विचारलं.

“मला काय माहीत? ओळखत नाही मी,” तो म्हणाला.

वडिलांनी ऐकलं. डबा डोक्यावर ठेवून ते दोन पावलं चालले आणि धपकन आपटले. डबा मात्र वरच्या वर झेलला. पोरं हसून लोटपोट झाली. “कुणाचा तरी दिसतोय, बाळांनो. ज्याचा असेल त्यानं खावा,” असं म्हणून त्यांनी डबा फाटकापाशी ठेवला आणि निघून गेले. घरी हा विषय बापानं कधी काढला नाही. लेकानंही नाही. चाळीस वर्षं गेली.

आता अर्धांगाच्या झटक्यानं वडील रुग्णालयात होते. ओळख हळूहळू पुसत जाईल, बोलायचं ते लवकर बोला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला माफी मागायची होती, दुसरं काही नको होतं. पण आठवडाभर हा शब्दांचा पंडित नुसता उशी नीट करत राहिला. आज तो कार्ड खिशात घालून आला आणि खाटेपाशी उभ्या उभ्याच म्हणाला, “बाबा, शाळेत त्या दिवशी मी तुम्हाला ओळखत नाही म्हणालो. चुकलो मी. तुम्ही ऐकलंत, मला माहीत आहे.”

वडील छताकडे बघत होते. तेवढ्यात नर्स गोळ्या घेऊन आली.

“आजोबा, कोण आलंय बघा! ओळखलंत का? कोण हे?”

वडिलांनी मान वळवली. त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“मला... काय माहीत? ओळखत नाही मी.”

आणि त्यांचा डावा डोळा मिटून उघडला. हा डोळा झटका आल्यापासून आपोआपच मिटायचा.

“मनाला लावून घेऊ नका, होतं असं,” नर्स हळूच म्हणाली.

त्यानं खाटेची कड घट्ट धरली. मस्करी असेल तर माफी मिळाली होती. नसेल, तर ती देणारा माणूसच उरला नव्हता.

“बाबा, मस्करी केलीत ना? एवढं एकच सांगा हो. केलीत ना?”

वडिलांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते नर्सकडे वळून अदबीनं म्हणाले, “ह्यांना... खुर्ची द्या. केव्हाचे उभे आहेत.”

नर्सनं खुर्ची सरकवली. तो बसला.